लाइट गेली नव्हती

आमच्या घरात अबोला धरते ती मीच. ह्यांना तो जमत नाही. चष्मा कुठे ठेवलाय, धुतलेला पंचा कुठे आहे, आज मासळीवाली येऊन गेली का, हे तीन प्रश्न माझ्याशिवाय विचारणार कोणाला? मी मात्र तीन-तीन दिवस धरलेला आहे. बोलायला लागले की थांबत नाही अशी माझी वाडीत ख्याती, त्यामुळे मी गप्प झाले की शेजारपाजाऱ्यांनाही कळतं, आज तिकडे काहीतरी बिनसलंय. पण तीन वर्षांपूर्वी श्रावणात जो अबोला धरला, त्याने माझं कुंकूच पुसायचं बाकी ठेवलं होतं. पुसलं नाही, हे आधीच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको. हे आत्ता पडवीत बसून पेपर वाचतायत आणि मी काय लिहितेय ते चष्म्यावरून बघतायत.

आमचं फॅब्रिकेशनचं दुकान गुहागरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे चिऱ्याचं घर, मध्ये विहीर आणि सहा माड. खिडक्यांचे ग्रिल, गेट, मुंबईकरांच्या घरांचे जिने, आणि पावसाळा सरत आला की होड्यांची कामं. वेल्डिंग हे करतात. कापणं, घासणं, लाल प्रायमर मारणं माझ्याकडे. ग्राइंडर मी असा चालवते की बघणाऱ्याने बघत राहावं, हे माझं नाही, ह्यांचंच म्हणणं आहे, फक्त ते मला न सांगता गिऱ्हाइकांना सांगतात.

लग्नाआधी अंजनवेलला मोठं बांधकाम चाललं होतं तेव्हा हे तिथे एका ठेकेदाराच्या हाताखाली होते. वेल्डिंग तिथेच शिकले. तिथे डोक्याला हेल्मेट, पायात बूट, हातात चामड्याचे मोजे, अंगात जाड सुती डगला, सगळं कसं शिस्तीत. त्याशिवाय आत पाऊल टाकू देत नसत. स्वतःचं दुकान घातलं आणि शिस्त तिथेच राहिली. लुंगी, बनियन, पायात रबरी चपला. तोंडापुढे धरायची काच असायची, नाही असं नाही, पण एखादा छोटा टाका मारायचा तर ती उचलायचा कंटाळा. डोळे मिटायचे आणि चर्र! मी म्हटलं, "अहो, तिथे सगळं घालत होतात, मग इथे काय झालं?"

म्हणाले, "तिथे साहेब होता."

"बरं. मग आजपासून इथे पण आहे."

तेव्हापासून मी साहेब. चारचौघांत सुद्धा. "साहेब, चहा मिळेल का?" अशी हाक येते.

पण साहेबाचं ऐकायला लागले ते एकदा चांगली अद्दल घडली तेव्हा. लग्नाला दुसरं वर्ष होतं. एका गेटाचे टाके दिवसभर डोळे मिटून मारले. पापणी मिटली म्हणजे झालं, असं ह्यांचं गणित. दिवेलागणीला डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. डोळे उघडवेनात, पाणी थांबेना. लगेच वाडी गोळा झाली. एकीने बटाट्याच्या चकत्या आणल्या. एकजण म्हणाली शेळीचं दूध घाला. समोरची बाळंतीण तर बिचारी वाटी घेऊनच आली. मी सगळ्यांना हात जोडले, ह्यांच्या डोळ्यांवर ओला रुमाल टाकला आणि रिक्षाने गुहागरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवस अंधारात पडून राहा म्हणाले, आणि वर असंही म्हणाले की यावेळी निभावलं, पुन्हा पुन्हा केलंत तर निभावणार नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आंधळ्या माणसाशी संसार कसा करायचा ते सगळं मी मनात ठरवून सुद्धा टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "केस विंचर जरा, भुतासारखी दिसतेयस." इतका आनंद मला कुठल्या कौतुकाने झालेला नाही.

त्यानंतर मी कायदे केले. काच तोंडापुढे असल्याशिवाय रॉड टेकवायचा नाही. रॉड टेकवण्याआधी मोठ्याने "डोळे!" म्हणून ओरडायचं, म्हणजे आजूबाजूच्यांनी तोंड फिरवावं. लुंगी बंद. नायलॉनचा शर्ट बंद, ठिणगी पडली की तो कातडीलाच चिकटतो. आमच्याकडे चार महिने जमीन ओली, तेव्हा फणसाची जाड फळी पायाखाली, आणि तीही कोरडी. चपला नाहीत, बूट. पाण्याची बादली आणि वाळूचा डबा शेडच्या खांबाशी कायम. हे कायदे पाळले जायचे, पण रोज. म्हणजे रोज मी ओरडले की पाळले जायचे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. पुढची म्हण मी पुरी करत नाही, त्या श्रावणानंतर ती माझ्या तोंडून निघत नाही.

तर झालं असं. नारळी पौर्णिमेला चार दिवस होते. बंदरावरचे एक तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, ओळखीचे, ह्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, दुपारी टेम्पोतून डिझेलची टाकी घेऊन आले. लोखंडी पत्र्याची, दोन माणसांनी उचलायची. वर जिथे डिझेल ओतायचं तोंड जोडलेलं असतं, तिथला सांधा तडकला होता. लाटेवर होडी डुलली की तिथून डिझेल बाहेर. पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होडी पाण्यात जायची होती, आणि टाकीशिवाय ती जाणार कुठे? टाकीतलं उरलंसुरलं डिझेल त्यांनी आमच्याच अंगणात कॅनमध्ये काढलं आणि कॅन पडवीत ठेवला.

डिझेलच्या टाकीची मला भयंकर धास्ती. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, हे मला अंजनवेलच्या दिवसांतलं ह्यांनीच एकदा सांगितलं होतं. डिझेल काढून टाकलं तरी पत्र्याला ते चिकटून राहतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ आत कोंडते, आणि एक ठिणगी आत गेली की टाकी फुटते. पत्रा कागदासारखा फाटतो आणि समोरचा माणूस राहत नाही. त्याला उपाय एकच. सोड्याच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवायची, आणि मग तडकलेल्या जागेच्या चार बोटं खालपर्यंत पाणी भरून ठेवायची, तोंड उघडं ठेवायचं. आत पाणी असलं की वाफेला जागाच नाही.

टाकी खाली उतरते न उतरते तोच मी सुरू झाले. धुवा, एकदा नाही तीनदा धुवा, पाणी भरा, झाकण लावू नका, अंगणात विडी ओढू नका. तांडेल मान हलवत होते, पण पाण्याचं नाव काढल्यावर दचकले. "वैनी, टाकीत पानी? इंजिनात पानी गेला तर दर्यावर आमचा काय व्हईल?"

मी सांगणारच होते की वेल्डिंग झाल्यावर पाणी काढू, टाकी उन्हात वाळवू, फडक्याने पुसू. तेवढ्यात हे म्हणाले, "तांडेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तोंड आहे की ग्राइंडर ते मला अजून कळलेलं नाही. स्विचच नाही त्याला."

तांडेल हसले. टेम्पोवाला हसला. गेटाचं माप द्यायला आलेला एक मुंबईकर होता, तोही हसला, आणि तो तर मला धड ओळखतही नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडले असते तर ग्राइंडरच ठरले असते ना? तोंड मिटलं, हातातलं फडकं झटकलं आणि आत गेले. म्हटलं, बघा आता बिनग्राइंडरचं दुकान कसं चालतं ते.

एक कबूल करायला हवं. त्या दिवशी ह्यांनी सगळं न सांगता केलं. चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, सोडा टाकला, टाकी तीनदा विसळली. विहिरीच्या पंपाची नळी लावून ती भरली. वेल्डिंग सकाळी, तांडेल आल्यावर करायचं ठरलं होतं. मग टाकीवर थापटी मारली. "धप्प! ऐकलं का कुणी? भरलेली टाकी अशी वाजते." हे माडांना उद्देशून. मी स्वयंपाकघरात होते आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

एकच गोष्ट राहिली. तांडेलांना कुणी सांगितलं नाही की हे पाणी कशासाठी आहे आणि त्याला हात लावायचा नाही. लोकांना सांगणं, दटावणं, दहादा बजावणं हे आमच्याकडे माझं खातं. आणि खातं त्या दिवशी बंद होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबोला चांगला मुरला होता. मी चहाचा कप ओट्यावर आपटून मांजराला म्हटलं, "कुणाला चहा हवा असेल तर ठेवलाय." हे मांजरालाच म्हणाले, "साखर कमी पडलीय म्हणून सांग." पाऊस पडत होता, पागोळ्यांचा आवाज होता. हे आंघोळीला गेले, मी मागे जाऊन जास्वंदीची फुलं काढत होते. तेवढ्यात तांडेलांची बायको आली. मी तिला काकी म्हणते. बाई म्हणजे सोनं. साठीला आलेली, अंगात दम दोन माणसांचा. पडवीतला डिझेलचा कॅन न्यायला आली होती, तांडेल मागून येणार होते. मी फुलं घेऊन पुढे आले तेव्हा ती शेडमधून हात पुसत बाहेर येत होती.

"वैनी, टाकीचा सगला नीट करून ठेवलंय हां," म्हणाली.

एरवी मी विचारलं असतं. 'काय केलंत? कसं केलंत? कशाला केलंत?' तीन प्रश्न तर नक्की. पण रुसव्याचं एक असतं, एकाशी धरलेला असला तरी तो सगळ्या जगाला पुरतो. मी नुसती मान हलवली.

काकीने काय केलं होतं ते मला अर्ध्या तासाने कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. तिने टाकीत डोकावून बघितलं, तर वरपर्यंत पाणी. होडीवाल्यांना टाकीत पाणी म्हणजे घरात साप. तिने खालची चावी फिरवून सगळं पाणी अंगणात सोडून दिलं. पावसात त्याचा आवाज कुणाला येणार? मग, लोखंडाला पाणी लागलं, आता गंज धरणार, म्हणून कॅनमधलं तांब्याभर डिझेल टाकीत ओतलं आणि टाकी दोन्ही बाजूंना कलती करून आतून सगळीकडे फिरवलं. आमच्या किनाऱ्यावर लोखंडाला असंच जपतात. खारा वारा सगळं खातो, म्हणून नांगर, साखळी, स्क्रू, जे लोखंडाचं त्याला डिझेलचा बोळा. तिची सासू तेच करायची, तीही तेच करत आली. वर पाऊस जाऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधून टाकली. आमचं काम हलकं केलं बिचारीने!

पाऊस थांबला. तांडेल आले. होडीचं कुठलंही काम त्यांच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. अगरबत्ती टाकीपासून लांब, माडाच्या बुंध्याशी लावली, तेवढं त्यांना जुन्या कामांपासून ठाऊक होतं. पितळी तबकात नारळ, जास्वंद, हळदकुंकू. तबक माझ्या हातात, घरची बाई म्हणून. "बा देवा महाराजा, आज होडीची टाकी सांधतोय. करणाऱ्याच्या हाताला यश दे. कुणाची वाईट नजर असंल, कुणाचा वाकडा पाय पडला असंल, तर तो दूर कर रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मी पण. देवाशी माझा अबोला नव्हता.

हे मला दाखवण्यासाठी त्या दिवशी नवरदेवासारखे सजले होते. बूट, जाड पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हातमोजे. फणसाची फळी टाकली, तिच्यावर उकिडवे बसले. अर्थिंगची वायर टाकीला चिमट्याने लावली. भिंतीवरचा मशीनचा खटका वर केला, मशीन घूं घूं करायला लागलं. काकी तडकलेलं तोंड सांडशीने सरळ धरून पलीकडे बसली. टाकीवर बांधलेली पिशवी बघून ह्यांना वाटलं, पावसासाठी बांधलीय, आत पाणी आहेच, काल स्वतः भरलंय. सुतळी तोडून पिशवी बाजूला टाकली, आत बघितलं नाही. काल कुणी थापटी मारली होती? ह्यांनीच. मग आज पुन्हा कशाला? डिझेलचा वास येत होता, पण डिझेलच्या टाकीला डिझेलचाच वास येणार.

रॉड होल्डरमध्ये लावला, आणि टाक्यावरची खपली उडवायची चिपिंगची हातोडी हवी म्हणून आजूबाजूला बघायला लागले. ती माझ्या पायाशी पडली होती. मागायची कशी? तर तांडेलांना म्हणाले, "तांडेल, त्या बाजूला कुणी उभं असेल तर त्यांना सांगा, हातोडी द्या म्हणावं."

मला हसू येत होतं, पण दाबलं. हातात तबक. वाकायचं तर तबक कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून ते टाकीच्या एका कोपऱ्यावर ठेवलं.

टण्ण!

अजूनही तो आवाज कानात आहे. पोकळ, लांब, घंटेसारखा, विरायला वेळ घेणारा. मी वाकलेली तशीच राहिले. काल धप्प, आज टण्ण. आणि काकी काय म्हणाली होती सकाळी? सगला नीट करून ठेवलंय.

"डोळे!" हे ओरडले. तांडेलांनी तोंड फिरवलं, काकीने डोळे मिटून मान वळवली. ह्यांनी काच तोंडासमोर धरली. मी "थांबा!" म्हणून किंचाळले, असं तांडेल सांगतात. ह्यांचं म्हणणं की तोंडातून नुसती हवा आली. काय खरं ते मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की खटका भिंतीवर होता, तीन पावलांवर, आणि ती तीन पावलं मी पाय जमिनीला न लावता गेले. दोन्ही हातांनी खटका खाली ओढला.

घूं घूं थांबलं. आणि त्याच क्षणी रॉड टाकीवर टेकला.

टक्.

ठिणगी नाही, उजेड नाही. ह्यांनी पुन्हा टेकवला. टक्. तिसऱ्यांदा. टक्. मग काच खाली घेतली आणि वैतागून वर पत्र्याकडे बघत म्हणाले, "गेली वाटतं लाइट! ह्या लाइटवाल्यांना मुहूर्त बरा सापडतो!"

"लाइट नाही गेली," मी म्हटलं. "मी घालवली."

तिघेही माझ्याकडे वळले. मी दोन्ही हातांनी खटका धरून उभी. म्हटलं, "टाकीची खालची चावी सोडा."

ह्यांनी सोडली. पाण्याचा लोट यायला हवा होता. आली ती डिझेलची करंगळीएवढी धार, आणि तीही दोन पळांत थांबली.

ह्यांचा चेहरा तोवर मी कधी तसा बघितला नव्हता. काळ्या माणसाचा रंग जातो म्हणजे काय होतं ते त्या दिवशी कळलं. त्यांनी होल्डर हळूच खाली ठेवला, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा, आणि टाकीपासून गुडघ्यांवर मागे सरकले. काकी अजून सांडशी धरून बसलेली. तिला कळेना काय झालं. "पानी मीच काढला," ती म्हणाली. "गंज धरंल ना! म्हणून आतून तेल पण फिरवला."

मग माझा बांध फुटला. काय काय बोलले! तांडेलांना बोलले, तुमच्या होडीपायी दोन बायकांचं वाटोळं झालं असतं म्हणून. काकीला बोलले, दुसऱ्याच्या अंगणातल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात का लावलात म्हणून. ह्यांना तर विचारूच नका. काल थापटी मारलीत ती आज मारायला हात मोडले होते का? पिशवी सोडलीत, आत बघायला डोळे नव्हते का? ओरडता ओरडता माझंच मला आठवलं की काकीने मला सांगितलं होतं, आणि मी फक्त मान हलवली होती. तिथे माझा आवाज बसला. मी खांबाशी बसले आणि रडले. रडताना हसूही येत होतं, कारण 'गेली वाटतं लाइट' हे कानात वाजत होतं.

काकीच्या एव्हाना सगळं ध्यानात आलं होतं. ती तोंडाला पदर लावून "मेलं माझं नशीब, मेलं माझं नशीब" करत होती. सांडशी तिच्याच हातात होती की! टाकी फुटली असती तर ह्यांच्या आधी ती गेली असती. मी उठून तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला, तर तो बर्फ. म्हटलं, "काकी, चूक माझी पण आहे. तुम्ही सांगितलंत, मी विचारलं नाही."

"इचारायचास ना गो बाय," ती म्हणाली. "तू तर सगल्यांना इचारतेस."

तांडेल एकदम म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी." मी डोळे पुसत म्हटलं, "देवाने तबक वाजवलं, ते खरं. पण खटका मी ओढलाय, ते देवालाही सांगा." तेव्हा कुठे सगळे हसले. हे सुद्धा, पण ह्यांचं हसू अर्धंच. वीस-पंचवीस वर्षं ज्या हातांनी सरळ रेघेत टाके मारले, ते हात मांड्यांखाली घालून बसले होते.

मी सगळ्यांना चहा दिला, साखर दुप्पट घालून. मग पहिल्यापासून सगळं सुरू केलं. सोड्याचं गरम पाणी, तीनदा. काकी स्वतः पाणी ओतत होती आणि प्रत्येक वेळी मला विचारत होती, "आता बरा?" डिझेलचा कॅन तांडेल स्वतः पार रस्त्यापलीकडे ठेवून आले. टाकी भरली, चार बोटं सोडून. तोंड उघडं. ह्यांनी थापटी मारली. धप्प. मी मारली. धप्प. तांडेलांनी मारली, काकीने मारली. शेवटी मी ह्यांना आत वाकून बघायला लावलं आणि पाण्यात स्वतःचं तोंड दिसतंय का ते विचारलं. "दिसतंय," म्हणाले. "फार चांगलं नाही दिसत." म्हटलं, आहे ना जागेवर? मग झालं.

"डोळे!" हे ओरडले, आणि या वेळी मीच खटका वर केला.

चर्र झालं, निळा उजेड भिंतीवर नाचला, टाकीतलं पाणी सांध्याखाली थोडं बुडबुडलं, बस्स. अर्ध्या तासात सांधा पूर्ण. मी घासला, पुन्हा पाणी भरून गळती बघितली, एक थेंब बाहेर नाही. मग पाणी काढलं, टाकी उन्हात उपडी टाकली आणि दुपारी काकीला म्हटलं, "आता फिरवा तुमचं तेल. आता हवं तेवढं फिरवा." तिने ते असं फिरवलं की जणू नातवाला तेल लावतेय. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. त्या टाकीवर तांडेलांनी ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय: 'पाणी कोणी काढू नये. आधी विचारावे.' होडी दर्यावर असताना त्या पाटीचा काय उपयोग, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

टाकी सांधली त्या दिवशी दुपारी जेवायला सुक्या बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण होतं; श्रावण आमच्याकडे पाळत नाहीत. गाऱ्हाण्याचा नारळ मी त्यातच वाटून घातला. हे जेवत होते आणि मी वाढायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते. घास घेतात, काटा काढतात, ताटाच्या कडेला ठेवतात. रोजचंच. पण एकेक घास मोजावा असं वाटत होतं. दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा घ्या म्हटलं तर घेतला. एरवी घेत नाहीत.

हात धुऊन आले आणि दारात पाठमोरे उभे राहिले, बाहेर टाकीकडे बघत. मला वाटलं आता काहीतरी थट्टा येणार. पंच्याला हात पुसले. मग म्हणाले, "भांडायचं तर भांड. गिऱ्हाइकांसमोर भांड. पण गप्प नको बसत जाऊस."

मी काही बोलले नाही.

"बघ, पुन्हा गप्प," म्हणाले, आणि बूट घालून शेडमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रायमर कालवत होते. हे शेडमध्ये आले, रॉड उचलला, मशीन सुरू केलं. सहज नजर गेली तर पायात रबरी चपला! खाली जमीन ओली, फळी भिंतीला टेकलेली. मी ब्रश टाकला आणि अशी ओरडले की रस्त्यावरची सायकल थांबली.

ह्यांनी रॉड खाली ठेवला, मशीन बंद केलं आणि शेडच्या खांबामागून बूट काढले. पायमोजे घातलेलेच होते, फक्त बूट चढवायचे बाकी होते.

"हां," म्हणाले. "आता कामाला लागतो."